कानाचा जग: चाकापासून पहिल्या धारेपर्यंत

चाकावर पेले आणि वाडगे सरळ निघायला लागले की पुढची ओढ बहुधा पाणी ओतायच्या जगाची असते. उंच भिंत, पोट, आवळलेला गळा, चोच, कान असं कुंभारकामातलं जवळजवळ सगळं त्यात येतं. शिवाय तो नुसता फळीवर शोभून चालत नाही, ओतताना हातात बसावा लागतो. माझा पहिला जग दिसायला देखणा होता. पाण्याने भरला, उचलला आणि तो थेट पुढे कलंडला. कान मी पोटाच्या पार खाली लावला होता, त्यामुळे भरल्यावर सगळं वजन बोटांच्या वर राहिलं. रिकाम्या जगात हा दोष शोधूनही सापडला नसता. तेव्हापासून मातीचा गोळा तोडतानाच मी जग भरलेला आहे असं धरून चालतो, आणि या लेखातली बहुतेक मापं त्याच हिशोबातून आली आहेत.

पुढचं सगळं साधारण १५ सेंटिमीटर उंचीचा सरळ पेला चाकावर काढता येणाऱ्यांसाठी आहे. तो अजून जमत नसेल तर आधी तोच करा. जग म्हणजे मुळात उंच पेला, फक्त त्याला पुढे बरंच काही सोसावं लागतं.

गोळा तोडण्याआधी

समजा भाजून तयार झालेल्या जगात काठोकाठ १ लिटर पाणी मावायला हवं आहे. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला पक्की भाजायची, माती ओली असल्यापासून पक्की भाजेपर्यंत साधारण १० ते १२ टक्के आटते. हा आकडा लांबीचा आहे, आणि गफलत इथेच होते. उंची १२ टक्क्यांनी कमी, व्यासही १२ टक्क्यांनी कमी. म्हणजे आतली जागा ०.८८ गुणिले ०.८८ गुणिले ०.८८, जेमतेम ६८ टक्के उरते. १ लिटरच्या जगासाठी ओला जग जवळपास दीड लिटरचा हवा. चाकावर तो जरा थोराडच वाटतो. वाटू द्या.

अशा जगाच्या अंगाला १.३ किलो माती पुरते. कानासाठी वेगळी ३०० ते ४०० ग्रॅम काढून ठेवा. कानात प्रत्यक्ष त्यातली निम्मीसुद्धा जात नाही, पण हातात धरायला मागे ऐवज असल्याशिवाय कान नीट ओढला जात नाही. दोन्ही माती एकाच पिशवीतली हवी. दोन मातींचं आटणं वेगवेगळं असलं की कान आणि अंग एकमेकांना सोडतात.

ओल्या जगाची ढोबळ मापं अशी धरा: उंची २१ ते २२ सेंटिमीटर, बूड १०, पोट १३ ते १४, गळा साडेनऊ ते १०. गळा याहून बारीक केला तर जग जास्त डौलदार दिसतो हे खरं, पण भाजल्यावर त्यात हात जात नाही आणि तळाशी बसलेला थर ब्रशने खरवडत बसावं लागतं. तासून, वाळून, भाजून असा जग कानासकट ९०० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात १ लिटर पाणी म्हणजे आणखी एक किलो. जवळजवळ दोन किलो वजन एका मनगटावर तोलायचं आहे, हे लक्षात असलं की भिंती जाड ठेवण्याचा मोह आपोआप कमी होतो.

माती तिंबणं

माती कणकेसारखीच तिंबायची, पण घडी घालून आत हवा कोंडायची नाही. तळव्याच्या टाचेने पुढे दाबत, थोडं फिरवत, पुन्हा दाबत चाळीस-पन्नास वेळा. मग गोळा तारेने मधोमध कापून कापलेली बाजू पाहा. छिद्रं किंवा कडक-मऊ पट्टे दिसले तर पुन्हा तिंबा. भांडं बुडबुड्यामुळे भट्टीत फुटतं असं सर्रास सांगितलं जातं. फोडते ती बहुतेक वेळा आत राहिलेली ओल. बुडबुड्याचा खरा जाच चाकावर होतो: भिंत वर उचलताना बोटांना गाठ लागते आणि तिथेच भिंत वाकडी होते.

कानाची माती अंगाच्या मातीपेक्षा किंचित घट्ट असू द्या आणि तिला तिंबताना कंटाळा करू नका. कान ओढताना मातीची परीक्षा चाकापेक्षाही कडक होते. ती ओल्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवा.

चाकावर

जग चाकावरून उचलताना हमखास वाकडा होतो, म्हणून चाकाच्या थाळीवर बॅट बसवून तिच्यावरच काम करा. ही बॅट म्हणजे लाकडाची किंवा प्लास्टरची गोल फळी, खेळायची नव्हे. जग झाला की फळीसकट उचलायचा. पुढचं वर्णन चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतंय आणि बाहेरचा हात उजवा आहे असं धरून आहे. चाक दुसऱ्या दिशेने फिरत असेल तर हात बदला.

गोळा मध्यात आणण्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच. एवढंच सांगतो की १.३ किलो माती मनगटाच्या जोरावर सरळ होत नाही. कोपर मांडीला किंवा बरगडीला टेकवा आणि अंगाचं वजन वापरा. शंकू दोन-तीनदा वर काढून खाली दाबला की माती शांत होते. डोळे मिटून तळवा टेकवा. हात अजिबात हलत नसेल तर गोळा मध्यात आहे.

आता अंगठ्याने मधोमध खोल जा आणि खाली ८ ते ९ मिलिमीटर बूड ठेवा. अंदाजावर राहू नका. सुई बुडात टोचून, बोट तिच्यावर मातीच्या पातळीला टेकवून बाहेर काढा, जाडी लगेच कळते. मग बूड १० सेंटिमीटरपर्यंत रुंद करा आणि बोटांनी किंवा लाकडी पट्टीने मध्यापासून कडेकडे आणि परत मध्याकडे तीन-चार वेळा चांगलं दाबून घ्या. ही पायरी उडवली तर वाळताना बुडात इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. चाकावर भिंतीची माती बोटांखाली दाबली जाऊन घट्ट झालेली असते, बुडाची तशी झालेली नसते, हे तिचं एक मोठं कारण. ती बहुतेकदा शेवटी दिसते, कान लावून झाल्यावर. तेव्हा फार जिवावर येतं.

भिंत तीन खेपांत वर काढायची. पहिल्या खेपेत माती फक्त बुडाच्या कोपऱ्यातून सोडवून वर न्यायची, दुसरीत खरी उंची, तिसरीत जाडी सारखी करणं. प्रत्येक खेपेला चाकाचा वेग थोडा उतरवत जा आणि हात चाकाच्या वेगाशी जुळवून सावकाश वर न्या. घाई केली की भिंतीवर मळसूत्र उमटतं. आत साचलेलं पाणी काठीला बांधलेल्या स्पंजने दर खेपेनंतर टिपून घ्या. बुडात पाणी साचू दिलं की बूड मऊ पडतं आणि नंतर चिरतं.

तिसऱ्या खेपेनंतर हातात साधारण २२ सेंटिमीटरचं, वर किंचित निमुळतं नळकांडं असायला हवं. ते वर फाकलेलं असेल तर आत्ताच आवळून घ्या. भिंत मध्ये ५ मिलिमीटरच्या आसपास, खाली थोडी जास्त. काठ मात्र मुद्दाम ६ ते ७ मिलिमीटर जाड ठेवायचा, कारण चोचीची माती त्यातूनच यायची आहे. काठ आधीच पातळ केला तर चोच ओढताना फाटते. दर खेपेच्या शेवटी काठावर बोट टेकवून तो दाबून घ्यायचा, हे पेल्याच्या वेळी जमलेलं असेलच.

पोट आणि गळा

पोट आतून काढतात. आतली बोटं भिंत हळूच बाहेर ढकलतात, बाहेरचा हात फक्त साथ देतो. पोट सगळ्यात रुंद कुठे असावं याला नियम नाही. मी ते मध्याच्या थोडं खाली ठेवतो. पाणी खाली बसतं, भरलेला जग टेबलावर स्थिर राहतो आणि कानाच्या खालच्या टोकाला बसायला जागा मिळते. मात्र पोट फार खाली, बुडाला लागून नेलं तर जग बसकट होतो आणि शेवटचं पाणी ओतताना त्याला जवळजवळ उलटा करावा लागतो.

गळा आवळताना दोन्ही हातांचे अंगठे, पहिली बोटं आणि मधली बोटं अशा सहा जागांनी गळ्याभोवती वेढा घालून, चाक जरा वेगाने ठेवून हळूहळू आत दाबा. एका दमात आवळलं तर सुरकुत्या पडतात. आवळल्यावर भिंत तिथे जाड होते आणि थोडी उंचावतेही. ती जाडी एका हलक्या खेपेने वर काठाकडे न्या. गळ्यापासून काठाकडे जाताना भिंत अगदी थोडी बाहेर झुकू द्या, चोचीला ती बरी पडते. शेवटी काठावर ओला चामड्याचा तुकडा धरून तो गुळगुळीत करा आणि लाकडी पट्टीने पोटावरचा ओला चिखल निपटून टाका. चिखल राहिला की भिंत मऊ राहते, आणि चोच ओढताना सगळा गळाच बोटाबरोबर येतो.

चोच

चोच चाक थांबवल्यावर, पण जग ताजा असतानाच काढायची. पाच-दहा मिनिटं थांबलात तर चालेल, काठाची चकाकी जाईपर्यंत. त्यापुढे माती वळायचं सोडून चिरायला लागते.

पहिल्यांदा काठावरची जागा ठरवा. तिथे अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत काठ धरून, हात ओला करून, तीन-चार वेळा वरच्या दिशेने हलकेच ओढा. काठ तिथे पातळ होतो आणि अर्ध्या सेंटिमीटरने वर येतो. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि थेट बाहेर ओढायला लागतात. बाहेर ओढली की चोच खाली झुकते. तिचं टोक काठापेक्षा खाली गेलं तर जग काठापर्यंत भरताच येत नाही, पाणी आधीच चोचीतून निसटतं. आधी वर काढलेली ती थोडी माती ही झुकण्याची भरपाई असते.

मग डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट काठाला बाहेरून, साधारण तीन सेंटिमीटर अंतरावर टेकवा. हे दोन खांब. उजव्या हाताचं ओलं बोट आतून, दोन खांबांच्या मधून डावी-उजवीकडे डोलवत बाहेर आणि किंचित खाली न्या. डोलवल्यामुळे माती सारखी ताणली जाते, एका जागी फाटत नाही. त्याच वेळी डावी बोटं थोडी जवळ आणा, म्हणजे चोचीच्या खाली गळ्यात एक पन्हळ तयार होते. ही पन्हळ खाली गळ्यापर्यंत उतरलेली हवी. नुसता काठ दुमडलेला असला तर पाणी काठाशी येऊन रुंद पसरतं आणि कडेने सांडतं. पन्हळीमुळे ते आतच एकवटतं आणि चोचीपर्यंत येईतो त्याला दिशा मिळालेली असते. प्राचीन ग्रीकांच्या ओइनोखोए नावाच्या मद्य ओतायच्या जगांचा काठ पुष्कळदा तीन पाकळ्यांचा असे. पुढची पाकळी म्हणजे चोच, आणि बाजूच्या दोन चिमटींमुळे तिच्यामागे आपोआप पन्हळ.

आता शेवटचा थेंब. ओतणं थांबवल्यावर पाणी चोचीखालून ओघळत पोटावर येतं, हे कोणाला माहीत नाही? शास्त्रज्ञ मार्कस रायनर यांनी १९५६ मध्ये याला चहादाणीचा परिणाम असं नाव दिलं, आणि न ठिबकणारी चहादाणीची तोटी कशी असावी यावरच्या संशोधनाला १९९९ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कारही मिळाला. वाहत्या पाण्याला गोलाई मिळाली की ते पृष्ठभागाला चिकटून वळतं, आणि धार जितकी हळू तितकं जास्त वळतं. टोक तीक्ष्ण असलं की ते वळण त्याला घेता येत नाही आणि पाणी तुटून पडतं. आपल्या भाषेत हे एका शब्दात आलंच आहे: चोचीला धार असेल तर पाण्याचीही धार पडते.

म्हणून चोचीचं टोक दोन मिलिमीटरपर्यंत पातळ करा आणि तिची खालची बाजू एका बोटाने अलगद वर दाबून तिथे खाच राहील असं पाहा. वरून पाहिलं तर टोक रुंद पसरट नको, चिमणीच्या चोचीसारखं आटोपशीर हवं. इथे समाधान झालं की हात लावायचं थांबा. चोच सुधारायच्या नादात मी जितके जग घालवले तितके इतर कशात घालवले नाहीत.

तार ताणून धरून जगाखालून ओढून घ्या आणि बॅटसकट जग बाजूला ठेवा.

बूड तासणं

दुसऱ्या दिवशी, किंवा हवा कोरडी असेल तर त्याच संध्याकाळी, जग चामड्यासारखा घट्ट होतो. बोटाने दाबलं तर वाकत नाही, पण नखाची खूण उठते. तासणी त्याच वेळी. अडचण एकच, चोचीमुळे जग काठावर उलटा नीट बसत नाही. मातीचं जाड कडं किंवा पोकळ नळकांडं चाकावर मध्यात बसवा आणि जग त्यात उलटा सोडा, म्हणजे वजन जगाच्या खांद्यावर, गळ्याखालच्या उतारावर येतं आणि चोच अधांतरी राहते. बुडाच्या कडेची जादा माती काढून टाका. जग उचलल्यावर जड वाटतो तो बहुतेक वेळा इथल्या मातीमुळेच. किती काढायचं ते बोटाने टिचकी मारून आवाजावरून कळतं: बद्द आवाज म्हणजे अजून माती आहे. बूड ६ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका.

कान

कान लावायच्या वेळी जग चामड्यासारखा घट्ट हवा, पण त्यातल्या त्यात ओलसर बाजूचा. कानाची माती ओली असते, ती जास्त आटणार. अंग आधीच वाळून बसलं असेल तर कान आटताना स्वतःला सोडवून घेतो आणि वरच्या सांध्यात केसासारखी चीर येते. जग थोडा जास्त वाळलाय असं वाटलं तर ओल्या कापडात रात्रभर गुंडाळून ठेवा. तेवढं करूनही तो कडकच राहिला तर दुसरा जग करा. कोरड्या जगावर जिद्दीने लावलेला कान टिकल्याचं मला आठवत नाही.

कान करायच्या दोन रीती आहेत. एकीत पूर्ण कान वेगळा ओढून, वाकवून, थोडा घट्ट झाल्यावर चिकटवतात. दुसरीत मातीचा आखूड खुंट जगावर लावून त्यातूनच कान ओढतात. पहिलीत चूक झाली तर फक्त कान फेकावा लागतो, त्यामुळे पहिले दहा-बारा कान तसे करायला हरकत नाही. पण मन दुसरीवर बसलं पाहिजे. तिच्यात सांध्याशी माती जाड राहते, जिथे ताण सर्वांत जास्त तिथेच, आणि कान झाडाच्या फांदीसारखा अंगातून फुटल्यासारखा दिसतो. खाली तीच रीत सांगतो.

आधी जागा. जग चाकावर किंवा टेबलावर ठेवून वरून पाहा. चोचीचं टोक, जगाचा मध्य आणि कान एका रेषेत हवेत. एक पट्टी काठावर आडवी धरून मागच्या बाजूला सुईने बारीक खूण करा. नुसत्या नजरेवर भरवसा नको, कारण चोच स्वतःच थोडी तिरकी असू शकते. कान दोन-तीन अंशांनी चुकला तरी ओतताना मनगटाला तो सतत खटकत राहतो. वरचा सांधा काठाच्या दोन सेंटिमीटर खाली, गळ्यावर. खालचा पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर किंवा जरा वर. म्हणजे चार बोटं जिथे बसतात ती जागा भरलेल्या जगाच्या वजनाच्या मध्याच्या वर येते आणि जग हातात लोंबतो, कलंडत नाही. माझ्या पहिल्या जगाची चूक हीच होती.

खुंटासाठी बाजूला ठेवलेल्या मातीचा गाजरासारखा आकार करा. ओल्या हाताने ते गाजर तीन-चारदा ओढून घ्या, म्हणजे मातीचे कण ओढायच्या दिशेला लागतात. मग जाड बाजूचा सहा-सात सेंटिमीटरचा तुकडा तोडा. त्याचं जाड तोंड टेबलावर आपटून पसरट करा. जगावरची जागा आणि खुंटाचं तोंड दोन्ही सुईने किंवा काट्याने आडवंतिडवं खरवडा आणि त्यावर स्लिप लावा. स्लिप म्हणजे त्याच मातीचा साईसारखा दाट काला, नुसतं पाणी नव्हे. एक हात जगाच्या आत घालून भिंतीला आतून आधार द्या आणि खुंट घट्ट दाबून किंचित फिरवत बसवा. कडेने बाहेर आलेला काला बोटाने सांध्यात बसवून घ्या. आतून आधार दिला नाही तर गळा आत पिचकतो.

आता जग डाव्या हाताने पोटाखाली धरून आडवा करा, खुंट सरळ जमिनीकडे लोंबला पाहिजे. उजवा हात भरपूर ओला करा. मूठ नको, अंगठा आणि पहिलं बोट यांचं कडं करा आणि सांध्यापासून खाली अलगद सरकवा. हालचाल गाईची धार काढण्यासारखीच, फक्त दाबायचं जवळजवळ नाही. पाणी आणि सरकणं यांनीच माती लांबते. दर दोन-तीन वेळा हात फिरवून अंगठा दुसऱ्या बाजूला घ्या, नाहीतर एक बाजू सपाट होते. दर वेळी हात ओला करा. कोरड्या हाताने एकदा जरी ओढलं तरी कान मधूनच तुटतो, आणि तोही छान झालेला असतानाच.

कानाचा छेद गोल नको, लांबट अंड्यासारखा हवा. गोल कान बोटांत फिरतो. वरती तीन सेंटिमीटर रुंद, खाली दोन, जाडी मध्ये एक सेंटिमीटरच्या आसपास. आवडत असेल तर शेवटच्या दोन ओढींत अंगठ्याचं टोक मध्ये दाबून लांब खाच काढा. ती सुंदर दिसते आणि ओतताना अंगठ्याला पकडही देते. मात्र कानाच्या कडा धारदार राहू देऊ नका. ती धार चोचीला हवी होती, इथे दोन किलो वजनाखाली ती बोटांत रुतते.

लांबी पुरेशी झाली, म्हणजे साधारण २० ते २२ सेंटिमीटर, की जग हळूच सरळ करा. कान आपल्या वजनाने खाली येतो आणि त्याला स्वतःची कमान मिळते. हा सगळ्या कामातला माझा आवडता क्षण आहे. कमानीला बोटांनी फार घडवू नका, मातीने घेतलेलं वळण बहुतेकदा आपल्यापेक्षा बरं असतं. फक्त कमान आणि भिंत यांच्यात आत किती जागा आहे ते पाहा. ओल्या कानात साडेतीन-चार सेंटिमीटर हवी, भाजल्यावर ती तीन-साडेतीन राहते. कमी असेल तर गरम पदार्थ भरल्यावर बोटांचे सांधे जगाला टेकून भाजतील. फार जास्तही नको. कान जितका लांब बाहेर, तितका भरलेला जग मनगटाला खाली खेचतो.

खालचं टोक पोटाला जिथे टेकतं तिथे खरवडून स्लिप लावा, जादा माती चिमटीने तोडा आणि अंगठ्याने दाबून बसवा. अंगठ्याचा ठसा पुसून टाकायलाच हवा असं नाही. मध्ययुगीन इंग्लिश जगांच्या कानांखाली असे ठसे पुष्कळदा दिसतात. शेवटी पुन्हा वरून पाहा. कान एका बाजूला कलला असेल तर आत्ताच सरळ होईल, तासाभराने नाही.

वाळवण

जग आणि कान यांची ओल सारखी होणं हे आता एकमेव काम. सगळा जग प्लास्टिकच्या पिशवीत घालून २४ तास तसाच सोडा. अंगातली आणि कानातली ओल त्या वेळात सारखी होते. मग पिशवी थोडी थोडी उघडा. कान बारीक आणि सगळीकडून हवेत असल्यामुळे अंगाआधी वाळायला धावतो, म्हणून त्याच्याभोवती प्लास्टिकची पट्टी आणखी दोन-तीन दिवस गुंडाळलेली राहू द्या. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नका. जाळीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवा, म्हणजे बूड आटताना अडत नाही. एकूण आठवडाभर लागतो, दमट हवेत जास्तही. पूर्ण वाळला की नाही ते गालाला लावून पाहा. थंडगार लागला तर आत अजून ओल आहे.

पहिली भाजणी आणि ग्लेझ

पहिली भाजणी ९५० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत. १०० अंशांच्या आत काही तास थांबून उरलेली ओल जाऊ द्यायची, कारण १०० अंशांनंतर तिची वाफ होते आणि जाड बुडाचे तुकडे उडतात. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणी बाहेर पडतं, आणि ५७३ अंशांला क्वार्ट्झचे कण एकाएकी फुगतात, थंड होताना तिथेच आकसतात. ६०० अंशांपर्यंत तासाला शंभराहून कमी अंशांनी चढवा आणि भट्टी १०० अंशांच्या खाली येईतो उघडू नका. कानाचा सांधा या सगळ्यात सर्वांत नाजूक जागा आहे.

भट्टीतून आलेल्या जगाला टिचकी मारा. घंटेसारखा वाजला तर ठीक, फुटका आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. ती ग्लेझने, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाने, बुजत नाही, उलट रुंद होते. असा जग इथेच सोडून द्या.

बुडाला आणि त्याच्या वर तीन मिलिमीटरपर्यंत मेण लावा, नाहीतर जग भट्टीच्या फळीला चिकटेल. आधी आतली बाजू: अर्धा जग ग्लेझने भरा, फिरवत फिरवत सगळीकडे लावा आणि चोचीतून एकाच ओतीत रिकामा करा. ही जगाची पहिली खरी धार. इथे ती फाटली किंवा पसरली तर चोचीत काय राहून गेलं ते पुढच्या जगासाठी लिहून ठेवा. बाहेरून ग्लेझ देताना जग बुडाशी धरून उलटा बुचकळा. आत अडकलेली हवा ग्लेझला आत शिरू देत नाही. फक्त चोच बाकीच्या काठाआधी आणि तिरकी बुडवू नका, तिच्या पन्हळीतून हवा निसटते. नंतर चोचीचं टोक ओल्या स्पंजने पुसून ग्लेझ पातळ करा, जाड थरामुळे मेहनतीने काढलेली धार पुन्हा गोल होते. कानाच्या सांध्यातही ग्लेझ साचतं, ब्रशने टिपून घ्या. आतलं ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी तपासलेलं, शिसं नसलेलं आणि तुमच्या मातीच्या तापमानाला पूर्ण वितळणारं हवं. स्टोनवेअरला हे तापमान बहुधा १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान असतं, नेमका आकडा मातीच्या आणि ग्लेझच्या पिशवीवर पाहा.

पाणी भरून

जग थंड झाला की आधी रिकामा उचला, मग काठाच्या दोन बोटं खालपर्यंत भरून. सावकाश ओता, मग वेगाने ओता, आणि मध्येच झटकन थांबवा. पोटावर ओघळ आला तर चोचीची खालची कड ओल्या डायमंड पॅडने, म्हणजे हिऱ्याचे कण लावलेल्या घासणीने, पाणी लावत लावत, हलकेच घासून तीक्ष्ण करा. कोरडं घासू नका, ती धूळ फुफ्फुसात गेलेली वाईट. तेवढ्यानेही थांबलं नाही तर चोचीखाली बोटभर लोणी चोळण्याचा जुना उपाय आहे. पाणी स्निग्ध पृष्ठभागाला चिकटत नाही, म्हणून तो थोडा वेळ चालतोही, पण दर धुण्यानंतर पुन्हा करावा लागतो.

मग जग भरून कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवून द्या. सकाळी कागद कोरडा असेल तर माती पुरती भाजली आहे. बुडाएवढं ओलं वर्तुळ उठलं असेल तर भट्टी कमी तापली, किंवा माती मुळातच सच्छिद्र राहणारी आहे. तसा जग पाण्याला चालणार नाही, त्यात वाळलेल्या काड्या ठेवा आणि पुढच्या भट्टीत तापमान २० अंशांनी वाढवून पाहा, पण मातीच्या पिशवीवर दिलेल्या मर्यादेच्या आतच.